शहर नाशिक आणि जिल्हा नाशिक: होळीच्या आधीची भटकंती

आम्ही कोल्हापूरकर. आमच्याकडं शहर आणि जिल्हा यांच्यात फारसं अंतर नाही. शहरातला माणूस ज्या सुरात बोलतो त्याच सुरात कागलचा बोलतो. तालीम, तांबडा-पांढरा, ऊस, दूध हे सगळं भवानी मंडपापासून राधानगरीपर्यंत सारखंच. चंदगडचा अपवाद सोडला तर कोल्हापूर बघितलं की जिल्हा कळतो, असं मी बिनदिक्कत सांगते.

माझी ताई लग्न होऊन नाशिकला गेली तेव्हापासून तिचं म्हणणं एकच: "इथं तसं नाही. हे शहर बघून जिल्ह्याचा अंदाज बांधू नकोस." यंदा मार्चच्या सुरुवातीला, होळी आठवड्यावर असताना, तिच्या या म्हणण्याची शहानिशा करायची असं ठरवूनच निघाले. त्र्यंबकेश्वर, वायनरी, मिसळ अशी नेहमीची यादी होतीच, पण यावेळी ती बाजूला ठेवून तालुके बघायचे होते. जिल्ह्यात पंधरा तालुके आहेत. सगळे होणं शक्य नव्हतं, म्हणून चारही दिशांना एकदा तरी जायचं एवढं पक्कं केलं.

शुक्रवार: गोदाकाठ आणि मार्केट यार्ड

ताईचं घर सिडकोत. दाजी सातपूरच्या एका कंपनीत नोकरीला आहेत, मूळचे सटाण्याकडचे. कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा या पट्ट्याला इकडं कसमादे म्हणतात. तिथून आणि पुढं धुळे-जळगावकडून आलेली माणसं सिडको-सातपूरमध्ये पुष्कळ. मी चहा घेत होते तेवढ्यात दाजींना आईचा फोन आला. माझ्याशी चाललेली शुद्ध मराठी तिथंच थांबली आणि अहिराणीत "हा माय, मंगळवारले येतस आम्ही" सुरू झालं. फोन ठेवल्यावर परत ऑफिसची मराठी. ताईनं माझ्याकडं बघून मान हलवली. तिच्या बाजूचा पहिला पुरावा घरातच मिळाला होता.

सकाळी मिसळ झाली. सोबत पापड, दही आणि शेवटी जिलेबी. कोल्हापूरची म्हणून मला तुलना करावीच लागते, आणि कट आमचाच सरस हे मी लिहून ठेवते. पण नाशिककरांनी मिसळीला जी ऐसपैस जागा दिली आहे, झाडाखाली बाजा, पोरांना झोपाळे, निवांत दोन तास, ती आमच्याकडं नाही. सकाळी नऊच्या आत जा. रविवारी तर आठच्या आत, नाहीतर रांगेत उभं राहावं लागतं.

तिथून गोदाकाठी. रामकुंडावर दशक्रियेची गर्दी, भटजी, फुलवाल्या, परप्रांतातून आलेल्या यात्रेकरूंच्या बसगाड्या. रामकुंडाच्या अंगाला नदीपात्रात दुतोंड्या मारुती उभा आहे. नाशिकच्या पुराचं माप तोच. पाणी त्याच्या पायाला लागलं, कमरेला लागलं, गळ्याशी आलं, अशा भाषेत शहर पूर मोजतं. ऑगस्ट २०१९ला तो बुडालाच होता. काठावर हार विकणाऱ्या एका मावशींना विचारलं, तर म्हणाल्या, "इथं ऊन असलं तरी आम्ही टपरी हलवतो बाई. पाऊस इथला नसतोच, त्र्यंबकचा असतो. वर धरण सोडलं की मारुती सांगतो."

हे मला फार आवडलं. नदी ब्रह्मगिरीवर उगम पावते, पाऊस त्र्यंबकच्या डोंगरात पडतो, गंगापूर धरणात साठतो आणि त्याचा हिशेब शहराच्या मधोमध एका मारुतीच्या अंगावर मांडला जातो. शहराला पश्चिमेकडच्या तालुक्यांची रोजची आठवण करून देणारी गोष्ट कुठली, तर ही. पण घाटावरच्या किती जणांना ती तशी दिसत असेल?

काळाराम मंदिरात दुपारी शांत होतं. सरदार ओढेकरांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधलेलं हे काळ्या दगडाचं देऊळ देखणं आहे यात वाद नाही. मी मात्र तिथं दरवाज्यांकडंच बघत राहिले. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली इथं मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. जिल्ह्याच्या खेड्यापाड्यांतून हजारो माणसं चालत आली होती आणि शहरानं त्यांच्यासाठी दारं बंद केली होती. सत्याग्रह पुढची काही वर्षं चालला, दार उघडलं नाही. या गोष्टीचं दुसरं टोक सोमवारी येवल्यात भेटणार होतं.

भांडी बाजारातून तांब्याचा एक तांब्या घेतला. कासवाच्या गतीनं सरकणाऱ्या गर्दीतून बाहेर पडून संध्याकाळी पंचवटीतल्या मार्केट यार्डात गेलो. हे माझ्या हट्टामुळं. ताई इतकी वर्षं नाशिकला असून तिथं कधी गेली नव्हती. पालेभाज्यांचे लिलाव चालू होते. कोथिंबीर, मेथी, शेपू, कांदापात. भाव शेकड्यावर, म्हणजे शंभर जुड्यांचा. व्यापारी एक जुडी उचलतो, उलटी करून देठ बघतो, झटकतो आणि आकडा बोलतो. दोन-तीन आकडे चढतात आणि संपलं. शेतकऱ्याचं महिना-दीड महिन्याचं पीक मिनिटाच्या आत विकलं जातं. रात्री गाड्या भरून निघतात आणि पहाटे ती मेथी मुंबईत असते. दिंडोरीचा एक तरुण पिकअपला टेकून उभा होता. नाशिक म्हटलं की काय आठवतं, असं विचारलं तर हसला. "हा यार्ड. अन् औषधाची दुकानं. नाशिकात तिसरीकडं मी जातच नाही."

शनिवार: पेठ

पेठची एसटी. महामंडळाच्या गाड्यांत बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळं आम्ही दोघी फारच स्वस्तात फिरलो. आधारकार्ड जवळ असू द्या. पेठ नाशिकपासून पन्नासएक किलोमीटर, रस्ता पुढं धरमपूर-वलसाडला जातो. रस्ता बरा आहे, पण ज्यांना गाडी लागते त्यांनी सावळघाटाच्या आधी काही खाऊ नये.

गाडी मजूर बायकांनी भरलेली होती. गाठोडी, पातेली, एकीच्या मांडीवर पेंगणारं पोर, पायाशी नव्या कपड्यांच्या पिशव्या. दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांतून या टोळ्या घरी निघाल्या होत्या, होळीला. पेठ-सुरगाण्यात होळी हाच मोठा सण. दिवाळीला बागेतून सुट्टी मिळो न मिळो, होळी घरचीच. माझ्या शेजारी बसलेल्या बाईंचं गाव करंजाळीच्या पुढं होतं. ऑक्टोबरच्या छाटणीपासून त्या बागेवरच. डोळे पुसणं, फूट काढणं, विरळणी, घड औषधात बुडवणं, घडांना कागद लावणं, खुडणी. सगळी कामं त्यांनी बोटांवर मोजून सांगितली आणि सांगताना हातांनी ती करून दाखवली. हात खरोखर घड धरल्यासारखे वर गेले.

मी विचारलं, "नाशिकला येत असाल ना मग नेहमी?"

"नाशिकला कशाला? बागेला येतो." थोडं थांबून म्हणाल्या, "सिव्हिलला आलो होतो, सासऱ्याला घेऊन. अन् मोर्चाला."

मोर्चा म्हणजे २०१८चा. ६ मार्चला नाशिकच्या सीबीएस चौकातून निघून हजारो शेतकरी, त्यातले बहुतेक सुरगाणा, पेठ, दिंडोरीकडचे आदिवासी, सुमारे १८० किलोमीटर चालत मुंबईला गेले. मुख्य मागणी कसत असलेल्या वनजमिनीच्या हक्काची. कायदा २००६चा, पट्टे अजून अडकलेले. दहावीच्या पोरांची परीक्षा बुडू नये म्हणून शेवटचा टप्पा ते रात्रीच चालून आझाद मैदानावर पोचले. आम्ही टीव्हीवर ते भेगाळलेले पाय बघितले होते. त्या बाई मात्र पायांबद्दल काही बोलल्या नाहीत. "मुंबईच्या लोकांनी पाणी दिलं, बिस्किटं दिली," एवढंच म्हणाल्या. करंजाळीला उतरताना त्यांनी ताईच्या हातात पिशवीतून काढून द्राक्षांचा घड ठेवला. नाही म्हणायला वेळच मिळाला नाही.

घाट उतरला की मुलूख बदलतो. सागाची पानं गळलेली, नागलीची मोकळी वावरं, कुडाची आणि कौलारू घरं. नद्या इथं पूर्वेला जात नाहीत. दमणगंगेच्या खोऱ्यातून पश्चिमेला, समुद्राकडं जातात. पेठमध्ये एका लहान खानावळीत नागलीची भाकरी, उडदाचं भुजं आणि खुरासणीची चटणी जेवलो. काळसर रंगाची ती चटणी तेलकट, किंचित कडवट आणि जिभेवर रेंगाळणारी. भुजं दाट, वर लसूण. कोल्हापूरच्या तिखटाची सवय असलेल्या मला हे जेवण आधी सौम्य वाटलं आणि मग दोन भाकऱ्या गेल्या. नाशिक शहरात हे जेवण मागून बघा. आदिवासी महोत्सव वगैरे असेल तेव्हाच मिळतं. मिसळ मात्र पेठच्या स्टँडवरही मिळते.

खानावळवाल्या काकांनी पाण्याचा तांब्या ठेवताना सांगितलं, "आता आहे. एप्रिलात या, मग बघा." पेठ, त्र्यंबक, इगतपुरी या भागात पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरच्या आसपास आणि कुठं कुठं त्याहून कितीतरी जास्त पाऊस पडतो, तर येवला-नांदगावला जेमतेम पाचशे. तरी उन्हाळ्यात टँकर दोन्हीकडं फिरतो. पूर्वेला पडत नाही म्हणून, पश्चिमेला थांबत नाही म्हणून. उतार तीव्र, खाली काळा पाषाण, आणि अडवलेलं पाणी बहुतेक दुसऱ्यांसाठी. वैतरणेचं पाणी मुंबईला जातं, गंगापूरचं नाशिकला. ज्यांच्या डोंगरावर ढग रिते होतात त्यांच्या बायका मार्च संपला की विहिरीच्या तळाशी उतरतात. हे लिहिताना मला राग येतो आणि तो आवरावासा वाटत नाही.

*जाणाऱ्यांसाठी:* पेठहून परतीची गाडी दुपारी चारच्या आतली धरा, स्टँडवर उतरल्या उतरल्या वेळा विचारून ठेवा. मोबाईलची रेंज घाटात जाते. पावसाळ्यात हा रस्ता अतिशय सुंदर असतो, पण धुक्यात स्वतः गाडी चालवणार असाल तर उजेडातच परत या.

रविवार: दिंडोरी

दाजींच्या एका सहकाऱ्याची दिंडोरी तालुक्यात द्राक्षबाग आहे. त्यांनी बोलावलं होतं. हे तालुके बघताना मात्र वाटतं की आपण अजून शहरातच आहोत. बंगले, शीतगृहं, औषध-अवजारांची दुकानं, वायनरीच्या पाट्या. मोहाडीला शेतकऱ्यांनीच उभी केलेली सह्याद्री फार्म्स ही कंपनी आहे, तिथून द्राक्षं थेट युरोपात जातात. नाशिकच्या कॉलेज रोडवर जो पैसा आणि जी धडाडी दिसते तिचं मूळ इथं आहे. शहर कुणाचा चेहरा दाखवत असेल तर तो या मधल्या, पाटपाण्याच्या पट्ट्याचा: दिंडोरी, निफाड, थोडं नाशिक तालुका.

बाग थॉमसन जातीच्या द्राक्षांची. खुडणी चालू होती. मालक तसे घाईत, तरी त्यांनी मला मांडवाखाली नेऊन एक घड नीट दाखवला. डाव्या हातानं देठ धरायचा, उजव्या हातानं कात्री चालवायची. मण्याला बोट लावायचं नाही. मण्यावर एक पांढुरकी झिलई असते, बोट लागलं की ती पुसली जाते आणि तिथं ठसा उमटतो. परदेशातला खरेदीदार त्या ठशावरून माल नाकारतो. म्हणून घड आयुष्यभर, म्हणजे वेलीपासून खोक्यापर्यंत, फक्त देठानं उचलला जातो. काही घडांना वर्तमानपत्राचे कागद गुंडाळलेले होते, मणी गुलाबी पडू नयेत म्हणून. एका घडावरच्या कागदात कुठल्याशा स्पर्धा परीक्षेची जाहिरात होती, आत हिरवीगार द्राक्षं.

सगळं देठानं उचलणारे ते हात कुणाचे, हे शनिवारच्या गाडीनंतर विचारायची गरज नव्हती. तरी विचारलं. "पेठ-सुरगाण्याची टोळी, दरवर्षी तीच," मालक म्हणाले. "ती नसेल तर बाग नाही. होळीला निम्मी गेली, राहिलेल्यांना हातापाया पडून ठेवलंय." आणि मग आकाशाकडं बघून, "आता अवकाळी नको फक्त." गारपिटीनं अर्ध्या तासात वर्ष गेल्याच्या गोष्टी या भागात प्रत्येकाकडं आहेत. ते बोलत असताना मला त्यांच्याबद्दलही वाईट वाटलं. बँकेचं कर्ज त्यांच्या डोक्यावर, जोखीम त्यांची. पण दोघांच्या जोखमीत फरक आहे. त्यांचं नाव खोक्यावर छापलं जातं, करंजाळीच्या बाईंचं नाही.

*जाणाऱ्यांसाठी:* जानेवारी ते मार्च हा द्राक्षांचा काळ. बागेत न विचारता शिरू नका. फवारणी झालेली असते आणि माणसं कामात असतात. रस्त्याकडेच्या स्टॉलवर सोनाका घ्या, लांबट मण्याची. वायनरीत सायंकाळी गर्दी असते, शनिवार-रविवारी तर फारच.

सोमवार: लासलगाव, येवला

रविवारी लासलगावचा बाजार बंद असतो, म्हणून सोमवार. ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या रांगा नजर पोचेल तिथवर. लाल कांदा संपत आलेला, उन्हाळ नुकता सुरू होत होता. बाजार समितीचा माणूस आणि मागे व्यापाऱ्यांचा घोळका ट्रॉलीमागून ट्रॉली असा पुढं सरकतो. शेतकरी ट्रॉलीच्या कडेवर उभा राहून फावड्यानं कांदा उकरून दाखवतो, म्हणजे वरचाच माल चांगला नाही ना याची खात्री. कुणी एक कांदा फोडतो, कुणी नुसता दाबतो. एका ट्रॉलीला क्विंटलला चौदाशे पुकारले, तिच्या शेजारच्या, मला तरी तशाच दिसणाऱ्या कांद्याला हजाराच्या आत. तो शेतकरी पन्नाशीचा असेल. काही बोलला नाही. पावती घेतली, घडी घालून टोपीत खोचली आणि ट्रॅक्टर खळ्याकडं वळवला.

मग चहाच्या टपरीवर तोच भेटला. चांदवड तालुक्यातला. १९८०च्या शरद जोशींच्या कांदा आंदोलनात तो लहान मुलगा म्हणून बापाबरोबर रस्त्यावर बसला होता. "तवाबी भावच मागत होतो," म्हणाला. डिसेंबर २०२३मध्ये निर्यातबंदी आली तेव्हा त्याचा कांदा साठवणुकीच्या चाळीत होता. नाशिक शहराबद्दल विचारल्यावर त्यानं थेट उत्तर दिलं: "कांदा महाग झाला की नाशिकवालेबी मुंबईवाल्यांसारखेच बोलतात." एका ताटातला कांदा आणि एका ट्रॉलीतला कांदा यांचं भांडण जिल्ह्याच्या ठिकाणीही सुटत नाही, याचं मला दिवसभर वाईट वाटत राहिलं. पुण्या-मुंबईचं समजू शकते. पण इथून तासाभरावर राहणाऱ्या माणसाला ट्रॉली दिसू नये?

तिथून येवला जवळच. पैठणीच्या मागावर एक विणकर ताई मोराच्या डोळ्याला रंग भरत होत्या, कांडीमागून कांडी बदलत. दिवसाला किती होतं विचारलं तर त्यांनी बोटभर अंतर दाखवलं. काठ भरजरी असला की इतकंच. दुकानात साडी बघायची तर आधी मागावर जाऊन या, मग किमतीबद्दल घासाघीस करावीशी वाटत नाही.

आणि मुक्तिभूमी. १३ ऑक्टोबर १९३५च्या येवल्याच्या परिषदेत बाबासाहेबांनी जाहीर केलं की हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. काळारामचा सत्याग्रह थांबवायलाही तिथंच सांगितलं. शहराच्या बंद दारापुढं पाच वर्षं उभं राहिल्यावर ही घोषणा झाली ती शहरात नव्हे, जिल्ह्याच्या पूर्व कडेला, कमी पावसाच्या या विणकरांच्या गावात. काळाराम बघून जे लोक नाशिकहून परत जातात त्यांनी ऐंशीएक किलोमीटर आणखी यावं, असं मी मनापासून सांगेन. एकाशिवाय दुसरं ठिकाण अपुरं आहे.

मंगळवार: सटाणा

दाजींनी सुट्टी काढली होती. चांदवडच्या अलीकडं सोग्रस फाट्याला वळून देवळ्याच्या वाटेला लागलो. भाबडबारीचा छोटा घाट ओलांडला आणि दाजी ऑफिसची मराठी सोडून एकदम मोकळं, अहिराणीत बोलायला लागले. गाडीतही, बाहेरही. रस्ता विचारायला थांबलो तर पाराखालच्या आजोबांनी मलाच विचारलं, "कोणता गावना शेतस तुम्ही?" कोल्हापूर म्हटल्यावर त्यांनी दाजींकडं बघितलं आणि दोघं काहीतरी बोलून मनसोक्त हसले. मला त्यातलं अर्धं कळलं.

सटाण्यात आधी देवमामलेदारांच्या मंदिरात गेलो. यशवंतराव महाराज ब्रिटिश अमदानीत इथं मामलेदार होते. दुष्काळात त्यांनी सरकारी खजिना उपाशी माणसांना वाटून टाकला. लोकांनी त्यांना देव केलं. त्यांची समाधी नाशिकला गोदाकाठी आहे. शुक्रवारी आम्ही तिच्या जवळून गेलो होतो आणि कुणी सांगितलं नव्हतं.

ताईच्या सासूबाई, सगळ्या गल्लीच्या आक्का, मांडे करत होत्या. हे मला आयुष्यभर लक्षात राहील. चुलीवर मातीचं खापर पालथं घातलेलं, खाली जाळ. गव्हाच्या पिठाचा इतका सैल, इतका तुकतुकीत गोळा की तो हातावरून ओघळतो. त्यात पुरण भरायचं, तोंड मिटायचं आणि पोळपाट-लाटणं न घेता दोन्ही हातांवर खेळवत मोठं करत न्यायचं. आधी तळव्याएवढं, मग मनगट झाकलं, मग पार कोपरापर्यंत. उजेड आरपार दिसायला लागला की एका झोकात खापरावर. आक्कांचं वय सत्तरीच्या पुढं, पण त्या झोकात हात थरथरला नाही. शेजारच्या दोघीजणी मदतीला आल्या होत्या, एक जाळ बघायला, दुसरी गोळे करायला. "एकलीनं काम नही शे हाई," आक्का म्हणाल्या. दूध-तुपाबरोबर मांडा आणि सोबत कटाची झणझणीत आमटी. या आमटीपुढं मात्र मी कोल्हापूरचा झेंडा खाली घेते.

जेवणानंतर दाजींच्या चुलत्यांनी मोसम नदीवरचा जुना बंधारा दाखवला. या भागात फड बागायतीची रीत होती: नदीवर लहान बंधारा, त्यातून पाट, आणि पाटाखालच्या सगळ्यांच्या जमिनीचे फड पाडून एका फडात एकच पीक. पाणी द्यायला गावानं नेमलेला पाटकरी. कुणाला आधी, कुणाला नंतर, हे गाव ठरवणार. वर धरणं झाली, विहिरी आणि बोअर आले, डाळिंबाचा पैसा आला, मग तेल्या रोगानं डाळिंबच गेलं. चुलते बंधाऱ्याच्या दगडावर बसून सगळं शांतपणे सांगत होते. त्यांच्या बोलण्यात नाशिकचा उल्लेख आला तो एकदाच: "पोरं तिकडे शेतस."

परतताना गाडीत ताईनं मला विचारलंच, मग काय ठरलं? मी म्हटलं, तुझं खरं, पण पुरतं नाही. शहरात जिल्हा नाही असं नाही, तो आहे. फक्त दर्शनी भागात एकटा दिंडोरी-निफाडचा पट्टा बसलाय. पश्चिम आहे ती धरणाच्या नळातून आणि खुडणीच्या हातांतून, कसमादे आहे ते सिडकोच्या फ्लॅटमध्ये फोनवर. त्यावर दाजी म्हणाले की फोनवरच का, मी पोरांशी अहिराणी बोलत नाही ही माझी चूक आहे, शाळेत हसतील म्हणून बोललो नाही. ताई काही बोलली नाही. मागच्या सीटवर माझा दहा वर्षांचा भाचा जागा होता. तो म्हणाला, "मले समजस सगळं."

बुधवार: पांडवलेणी

गाडी संध्याकाळची होती, म्हणून सकाळी लेणी चढलो. पायऱ्या बऱ्याच आहेत, ऊन व्हायच्या आत जा, पाणी खालूनच घ्या. मुंबई-आग्रा महामार्ग पायथ्याशी घोंघावत असतो. वर गेल्यावर सारं शहर पसरलेलं दिसतं.

दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. त्यानं लेणं दान दिलं आणि भिक्खूंच्या खर्चासाठी तीन हजार कार्षापणं, म्हणजे तेव्हाची नाणी, कायमची ठेव म्हणून ठेवली. कुठं? गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडं, म्हणजे व्यावसायिक संघांकडं. दोन हजार एका श्रेणीत दरमहा शेकडा एक व्याजानं, हजार दुसरीत पाऊण टक्क्यानं. व्याजातून भिक्खूंना वस्त्रं. गोवर्धन आजही गंगापूर रस्त्याला आहे. सुमारे १९०० वर्षांपूर्वी इथं राजघराण्यातला माणूस आपला पैसा विणकरांच्या भरवशावर ठेवत होता आणि तसं दगडावर लिहीत होता. भिंतीवरची ती अक्षरं बघताना मला येवल्याच्या मागावरच्या ताई आठवल्या.

*जाणाऱ्यांसाठी शेवटचं:* हाताशी दोनच दिवस असतील तर एक गोदाकाठाला द्या आणि एक पेठ किंवा सटाण्याला. वायनरी नंतर कधीही होते. एसटीनं फिरा, माणसं गाडीतच भेटतात. होळीच्या आधीचा आठवडा उत्तम, पहाटे थंडी, दुपारी ऊन. होळीनंतरही थांबता आलं तर रंगपंचमीला जुन्या नाशकातल्या पेशवेकालीन रहाडी, म्हणजे जमिनीतले दगडी हौद, उघडतात, रंगाच्या पाण्यात लोक उड्या घेतात. हे मात्र निव्वळ शहराचं, जिल्ह्यात दुसरीकडं कुठं नाही.

मालेगाव, सुरगाणा, इगतपुरी, सिन्नरचं गोंदेश्वर हे सगळं राहिलं. दाजींनी श्रावणाचं आमंत्रण दिलंय. नागपंचमीनंतरच्या रविवारी सिडकोत घरोघरी कानबाई देवी बसते, रात्रभर अहिराणी गाणी चालतात आणि सोमवारी सगळी गल्ली वाजतगाजत तिला गोदावरीवर घेऊन जाते. आक्का दरवर्षी त्यासाठी सटाण्याहून येतात. खापर बरोबर घेऊन.